प्लेटिंगच्या गाळेमालकांना खुलं पत्र: ती केशरी गोळी सेफ्टी रजिस्टरमधून काढा

प्रति,
साकीनाका, जरीमरी, कुर्ला, अंधेरी आणि पार वसईपर्यंतच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर विजेने मुलामा चढवण्याच्या, गाळ्यांचे मालक,
तसंच त्यांचे सेफ्टी रजिस्टर भरून देणारे सल्लागार

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गाळ्यात गेलो होतो. काम काही नव्हतं. रिटायर झालेला प्लेटिंग केमिस्ट म्हणजे देवळात न जाता गाळ्यात जाणारा माणूस. दाराशी टेबल, टेबलावर हजेरीचं पुस्तक आणि त्याच्या बाजूला प्लॅस्टिकची बरणी. बरणीत व्हिटॅमिन सीच्या केशरी गोळ्या. कंपनी कुठलीही असो, पोरं तिला लिम्सीच म्हणतात. टाकीवर उभा असलेला मुलगा आला, हातमोजा दातांनी ओढून काढला, मास्क हनुवटीवर घेतला, पिवळ्या पडलेल्या बोटांनी एक गोळी उचलली आणि चघळत चघळत रजिस्टरमध्ये सही केली. मी वाकून पाहिलं. रकान्याचं नाव होतं ‘रासायनिक धोक्यापासून संरक्षण’. खाली ओळीने सह्या.

मग वर पाहिलं. टाकीवरची विषारी हवा ओढून बाहेर टाकणाऱ्या ब्लोअरचा पट्टा तुटून लोंबत होता. त्यावर इतकी धूळ होती की तो कालपरवा तुटला नसावा.

त्या पोराला मी काही बोललो नाही, मालकालाही नाही. कारण माझ्या उमेदीच्या गाळ्यात ही गोळी मीच आणली होती. ती गोष्ट सांगायची राहून गेली आहे, म्हणून हे पत्र.

साल १९९६. आमच्या गाळ्यात निकेल-क्रोमचं काम चाले: बाथरूमचे नळ, सायकलची हँडलं, फर्निचरचे पाइप. क्रोमची टाकी जेमतेम ५०० लिटरची. पावसाळ्यात एक्झॉस्टची मोटर जळली. नवी मोटर, टाकीच्या काठाला सक्शनची फट, छपरापर्यंत पीव्हीसीचा डक्ट आणि वर हवा धुणारा स्क्रबर, असं सगळं मिळून कोटेशन आलं. शेठनी आकडा पाहिला, कागद उलटा केला आणि मला विचारलं, “तू केमिस्ट ना? काहीतरी स्वस्तातलं सांग की.”

मी नुकतंच वाचलं होतं की ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, सहा नंबरच्या क्रोमला तीन नंबरवर आणतं. ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी: टाकीत आपण जे लालसर फ्लेक घालतो त्यातला क्रोम ‘सहा’च्या अवस्थेत असतो. तो विषारी, कातडी खाणारा, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९० सालीच माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेला. त्याला इलेक्ट्रॉन देणारं कुणी भेटलं की तो ‘तीन’ होतो, हिरवा पडतो आणि बराच निवळतो. सांडपाणी सोडण्याआधी आपण त्यात मेटाबायसल्फाइट घालतो ते ह्याचसाठी. व्हिटॅमिन सीलाही हेच जमतं.

मी हुशारी दाखवायला बीकर घेतला. त्यात पाणी, पाण्यात बाथचे, म्हणजे क्रोमच्या टाकीतल्या द्रावणाचे, चार थेंब. सुंदर पिवळं झालं. लॅबच्या बाटलीतली ॲस्कॉर्बिक ॲसिडची पांढरी पूड चमचाभर टाकली आणि काचेच्या कांडीने ढवळलं. पिवळा आधी मळला, तपकिरी झाला आणि बघता बघता फिकट हिरवा. शेठ खुर्चीतून उठले. म्हणाले, गोळीने कर. गोळीचा स्वतःचाच रंग केशरी, त्यामुळे पाणी गढूळ दिसलं, पण पिवळा गेलाच. शेठनी दहाच्या दहा माणसं गोळा केली आणि मला पुन्हा करायला लावलं. “बघा, जहर मेलं!” मी हसत उभा होतो. कौतुक कुणाला नको असतं?

दुसऱ्या दिवशी गोळ्यांचा खोका आला. कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं ते चौदा महिने तिथेच राहिलं.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, बीकरमध्ये झालं ते खोटं होतं का? नाही, खरं होतं. हिशोबही गोळीच्या बाजूचाच निघतो, म्हणूनच फसायला होतं. क्रोमच्या दोन अणूंना ॲस्कॉर्बिकचे तीन रेणू लागतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी साधारण १९० मिलिग्रॅम क्रोमिक ॲसिडचा निकाल लावू शकते. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात हवेतल्या क्रोमिक ॲसिडची मर्यादा दिली होती: दर घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम, क्रोम म्हणून मोजलेलं. आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे दहा घनमीटर हवा ओढतो असं धरा. म्हणजे मर्यादेइतकी घाण असलेल्या गाळ्यातही दिवसाला अर्धा मिलिग्रॅम क्रोम आत जातो. एक गोळी त्याच्या जवळजवळ दोनशेपट क्रोम निवळू शकते. कागदावर गोष्ट संपली.

टाकीचा हिशोब मात्र उलटा. बाथमध्ये लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. एक लिटर बाथ निवळायला १३००हून जास्त गोळ्या लागतील, आमच्या त्या लहानशा टाकीला साडेसहा लाख. हे आकडे अशासाठी सांगतो की नाकात टाकीतलंच पाणी जातं, कारखान्याची सरासरी हवा नाही. क्रोमच्या बाथची कार्यक्षमता तुम्हाला माहीत आहे. शंभर रुपयांची वीज घातली तर क्रोम चढण्यावर पंधरा-वीस रुपये खर्च होतात आणि बाकीचे पाणी फोडण्यात जातात. कॅथोडवर हायड्रोजन, ॲनोडवर ऑक्सिजन. हे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा बाथचा बारीकसा शिंतोडा हवेत उडवतो. तो शिंतोडा पातळ नसतो, टाकीतल्याच ताकदीचा असतो. श्वासाबरोबर तो नाकाच्या मधल्या पडद्यावर आपटतो. तिथली कातडी पातळ, खाली कूर्चा, रक्तपुरवठा बेताचा. सकाळी दहाला चघळलेल्या गोळीतलं व्हिटॅमिन सी तोपर्यंत पोटातून रक्तात, आणि रक्तातलं जास्तीचं लघवीत. पडद्यावर पडलेल्या त्या एका थेंबाशी लढायला तिथे कोण असतं?

शरीर व्हिटॅमिन सीची तिजोरी भरून ठेवत नाही, हेही आपण विसरतो. रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते. त्यापुढे टाकाल ते बहुतेक बाहेर. आपल्याकडे मोठ्या पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम पुरेसं धरतात. एक बरा पेरू तेवढं सहज देतो. ज्याचा दिवस वडापाव आणि कटिंगवर जातो त्याला गोळीचा उपयोग होईल, पण तो उपयोग हिरड्यांना आणि जखम भरायला. क्रोमला नाही.

हे सगळं मला १९९६ला कळायला हवं होतं. कळलं ते दुसऱ्याच मार्गाने.

आमच्या टाकीवर रत्नागिरीकडचा एक माणूस होता. वयाने माझ्याएवढाच, रॅक बुडवण्यात हात सराईत, टाकीवर आठ-नऊ वर्षं. त्याचा घोळणा फुटायचा. उन्हाने फुटतो म्हणायचा आणि ओला रुमाल डोक्यावर टाकायचा. मग नाकात खपल्या धरायला लागल्या. मग एक दिवस म्हणाला, आता बरं आहे, खपल्या येत नाहीत, फक्त झोपेत शीळ वाजते, बायको हसते. मी पण हसलो. पुढे दुसऱ्याच कशासाठी तो एका मोठ्या इस्पितळाच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत गेला. मी सोबत होतो. डॉक्टर पोरगीच होती, नवखी. तिने एका नाकपुडीत टॉर्च धरला आणि दुसऱ्या नाकपुडीतून लालसर उजेड बाहेर आला. पडद्याला आरपार भोक. शीळ त्याच भोकाची होती. खपल्या थांबल्या, कारण खपली धरायला तिथे काही उरलंच नव्हतं.

डॉक्टरनी कामाचं विचारलं. त्याने सांगितलं. तिने मान डोलावली आणि लिहायला लागली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, मी तर एक दिवस गोळी चुकवली नाही.”

ह्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

कायद्यात ह्या रोगाला नाव आहे. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, शिसं, पारा, बेंझिन, सिलिकोसिस यांच्या रांगेत क्रोमचा व्रण होता. कलम ८९ प्रमाणे मॅनेजरने तो इन्स्पेक्टरला कळवायचा होता आणि डॉक्टरनेही. आमच्या गाळ्यातून कुणी कळवलं नाही. मीही नाही. शेठनी त्याला निकेलच्या टाकीवर हलवलं, गोळ्या एकाच्या दोन केल्या आणि विषय मिटला. रोग रेड्याला, औषध पखालीला.

नंतर मी हट्टाने वाचत गेलो आणि जी गोष्ट हाती लागली तिने झोप उडवली. क्रोमचा सहा नंबर दिसायला सल्फेटसारखा. पेशीच्या दारावर सल्फेटला आत सोडणारी जी वाट आहे तिच्यातून तो ओळखपत्र न दाखवता आत शिरतो. पेशीबाहेर, म्हणजे लाळेत, जठराच्या रसात, फुप्फुसाच्या ओलाव्यात व्हिटॅमिन सीने त्याला गाठलं तर उत्तम. तीन नंबर झालेला क्रोम पेशीत सहजी शिरत नाही. पण एकदा का सहा नंबर आत पोहोचला की त्याला तीनवर आणण्याचं बहुतेक काम पेशीतलं व्हिटॅमिन सीच करतं आणि नेमकं ते करताना डीएनएची नासधूस होते. तिथे तयार झालेला तीन नंबर डीएनएला चिकटून बसतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये व्हिटॅमिन सी जवळपास नसतं. त्यांना ते माणसाच्या पेशीत असतं तेवढं दिलं, तर क्रोमने होणारी जनुकीय मोडतोड वाढलेली दिसली. म्हणजे दारावर जो राखणदार, तोच आत घरात आग लावणारा. ह्याचा अर्थ पेरू खाल्ल्याने कॅन्सर होतो असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच की क्रोम शरीरात शिरल्यावर कुणी त्याला आवरेल ह्या भरवशावर बसू नये. त्याला आत येऊच द्यायचा नाही, आणि ते काम ब्लोअरचं आहे.

व्हिटॅमिन सीला मी मोडीत काढत नाही. त्याची जागा आहे, फक्त ती तुमच्या रजिस्टरच्या त्या रकान्यात नाही.

कातडीवर त्याला थोडा मान आहे. बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला क्रोमची जी खोल, गोल, न दुखणारी भोकं पडतात, त्यांच्यासाठी १० टक्के ॲस्कॉर्बिक ॲसिडचं मलम किंवा ताजं द्रावण वापरण्याची पद्धत जुनी आहे. तिथे निदान औषध आणि विष एकाच जागी भेटतात. पण शिंतोडा उडाला तर पहिलं औषध नळाचं पाणी, ते भरपूर आणि बराच वेळ, आणि मोठा भाग भाजला असेल तर तडक इस्पितळ. शिवाय ते द्रावण टिकत नाही. हवेने हळूहळू पिवळं पडतं आणि त्याची ताकद जाते. गाळ्यातल्या प्रथमोपचार पेटीत मी जी बाटली शेवटची पाहिली ती चहाच्या रंगाची झाली होती.

रंगांच्या कारखान्यांत ॲनिलिन किंवा नायट्रोबेंझिन अंगावर सांडून ओठ-नखं निळी पडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायच्या कामाचं राहत नाही. तिथे पहिलं औषध मिथिलीन ब्लू. पण ज्यांच्या शरीरात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना मिथिलीन ब्लू उलटतं. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत अशी माणसं जास्त आहेत. अशा वेळी डॉक्टर शिरेतून व्हिटॅमिन सी देतात. ते हळू चालतं आणि फार मोठा डोस ह्याच लोकांच्या तांबड्या पेशी फोडू शकतो. हे सगळं मॉनिटर लावून करायचं काम आहे, हजेरीच्या टेबलावरचं नाही.

शिशाची कथा तर ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात तुमच्यासारखे मालक आणि माझ्यासारखे उत्साही केमिस्ट दोघेही भेटतात. १९३९ साली अमेरिकेत शिशाच्या संपर्कातल्या कामगारांना व्हिटॅमिन सी देऊन बरं वाटल्याचं छापून आलं. १९४३ मध्ये नीट तपासून पाहिल्यावर फरक दिसला नाही. १९९९ला पुन्हा एक अभ्यास आला. ७५ तरुण धूम्रपान करणारे पुरुष, आठवडाभर रोज १००० मिलिग्रॅम, आणि रक्तातलं शिसं ८१ टक्क्यांनी खाली. २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत काहीच नाही. बॅटरी तोडणाऱ्या एका कारखानदाराने हा आकडा मला तोंडपाठ म्हणून दाखवला होता. त्याला एवढंच म्हणालो की ती माणसं शिशाच्या कारखान्यात कामाला नव्हती, त्यांच्या रक्तात शिसं मुळातच थोडं होतं. तुझा माणूस आठवडाभर गोळी खाईल आणि रोज आठ तास शिशाची धूळही खाईल. नळ चालू ठेवून बादली उपसण्याला काय अर्थ?

खरं तर ही सगळी वंशावळ जुनी आहे. रंगाऱ्याला दूध, धुळीत काम करणाऱ्याला गूळ, वेल्डरला केळं. आमच्या वडिलांना गिरणीत गूळ मिळायचा, घशातली रुई खाली उतरावी म्हणून. रुई घशातून उतरली तरी फुप्फुसातली तिथेच राहायची. गूळ गोड होता, फुकट होता, आणि मालकाला आपण काहीतरी केल्याचं समाधान देत होता. लिम्सीही गोड आहे. ह्या भागात ती इतकी का रुजली, तर खाणाऱ्याला ती आवडते. करोनाच्या दिवसांत तर घराघरात तिला कवचकुंडलांचा दर्जा मिळाला. आता पोरं म्हणतात, टाकीवर दोन खाऊ, तीन खाऊ. रोज चार-पाच गोळ्या चघळणारा माणूस मी पाहिला आहे. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा वैद्यकीय दंडक आहे. पोट बिघडतं, आणि ज्याला मुतखड्याची खोड आहे त्याला ऑक्झलेट वाढून खडा होऊ शकतो. तापलेल्या गाळ्यात घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा माणूस हा आधीच खड्याचा उमेदवार.

आणि तो पोरगा आठवा. मास्क खाली, हातमोजा दातात, पिवळी बोटं, बोटांत गोळी. दिवसभरात क्रोम तोंडात जाण्याची सर्वांत पक्की वेळ कुठली, तर ‘संरक्षक उपाय’ घेण्याची.

सल्लागार मंडळींशी दोन शब्द. तुम्ही शिकलेले आहात. धोक्याच्या कामात आधी विष बदलायचं, नाही जमलं तर कोंडायचं, नाही जमलं तर जिथे उठतं तिथेच ओढून घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी मास्क-हातमोजे, हा क्रम तुम्हीच ट्रेनिंगमध्ये पडद्यावर दाखवता. ह्या उतरंडीत गोळीचं मडकं कुठे आहे? मग ऑडिटच्या कागदावर ती कशी येते? सायनला, केंद्रीय श्रम संस्थेत, ह्याच विषयावर काम करणारी माणसं बसली आहेत. एकदा जाऊन विचारा की व्हिटॅमिन सी कुठल्या रकान्यात लिहायचं. महाराष्ट्राच्या १९६३च्या कारखाना नियमांत क्रोम प्लेटिंगला धोकादायक कामांमध्ये वेगळं परिशिष्ट आहे. त्यात एक्झॉस्ट आहे, डॉक्टरी तपासणी आहे. चघळायची गोळी नाही. आमच्याकडे माणसं कमी, आम्हाला कारखान्याचा कायदा लागत नाही, हे मला सांगू नका. २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेत तर विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी आकडा वीसवर गेला आहे. नाकाचा पडदा हजेरीपट मोजत नाही.

आणि ती ०.०५ची मर्यादा पाळली म्हणजे सुटलो असंही नाही. अमेरिकेने २००६ साली सहा नंबरच्या क्रोमसाठी ०.००५ केली, आपल्या दहावा हिस्सा.

मालकांनो, धंदा मी आतून पाहिला आहे. भाडं, वीजबिल, प्रदूषण मंडळाची नोटीस, पेमेंट अडकवणारी पार्टी, सगळं माहीत आहे. म्हणून मोठं काही सांगत नाही. पहिलं काम उद्या सकाळी करा. टाकीला वीज देणारा रेक्टिफायर बंद ठेवा, म्हणजे हायड्रोजन नाही, आणि फक्त ब्लोअर चालू करा. टाकीच्या मधोमध, पाण्याच्या वीतभर वर उदबत्ती धरा. धूर आडवा होऊन फटीत ओढला गेला पाहिजे. सरळ वर कामगाराच्या तोंडाकडे गेला, तर तुमचा ब्लोअर फक्त आवाज करतो. बहुतेक वेळा पट्टा सैल असतो, किंवा फटीत क्रोमचा थर बसून ती बुजलेली असते. पट्ट्याला आणि खरवडणीला किती खर्च येतो ते तुम्ही मला सांगा. बाथवर प्लॅस्टिकचे पोकळ गोळे सोडा. बुडबुडे त्यांच्या खाली फुटतात, शिंतोडा निम्म्या वाटेतच अडतो. लेव्हल फटीपासून खाली ठेवा. काठोकाठ भरलेल्या टाकीला कुठलाच एक्झॉस्ट पुरत नाही. हात धुवायचा नळ टाकीपासून लांब आणि चहा त्याच्याही पलीकडे. दर महिन्याला कुणीतरी, डॉक्टर नसेल तर निदान सुपरवायझरने, टॉर्च घेऊन प्रत्येकाचं नाक बघावं आणि हाताची बोटं उलटी करून बघावीत. पाच मिनिटांचं काम आहे. घोळणा फुटतो म्हणणाऱ्याला उन्हावर सोडू नका.

ज्यांचं काम फक्त शोभेच्या क्रोमचं आहे, नळ, हँडल, फर्निचर, त्यांनी तीन नंबरच्या क्रोमच्या बाथचा भाव एकदा तरी काढा. बाजारात तो काल आलेला नाही. रंग किंचित सावळा येतो, पार्टी कुरकुर करते, बाथ सांभाळायला जरा नाजूक आहे, सगळं खरं. पण टाकीतच तीन नंबर असेल तर बीकरमधली जादू कुणाला करून दाखवायची गरज उरत नाही. शाफ्ट-सिलिंडरच्या जाड, कडक क्रोमसाठी अजून सहा नंबरला सहज पर्याय नाही. तिथे एक्झॉस्टवाचून गत्यंतर नाही.

गोळ्या बंद करा असं मी म्हणत नाही. द्या, पण पाळी सुटल्यावर, हात-तोंड धुतल्यावर, दाराबाहेर. त्याहून पेरू द्या, मोसमात आवळे द्या. फक्त त्या रकान्यातून ती काढा. कारण तो रकाना भरला की ब्लोअरचा रकाना रिकामा असल्याचं कुणाला टोचत नाही. मला चौदा महिने टोचलं नाही.

शेवटचं. त्या दिवशी त्या गाळ्यातून निघताना खिशात एक कागद होता. जुनी सवय. डायफिनाइल कार्बाझाइड लावलेला फिल्टर पेपर. सहा नंबरचा क्रोम लागला की जांभळा होतो, इतर धुळीने होत नाही. टाकीच्या काठावर पुसला असता तर जांभळा होणारच होता, त्यात काय मोठं? मी तो टेबलावरच्या त्या बरणीच्या झाकणावर दाबला. झाकण टाकीपासून बारा-पंधरा पावलं लांब. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि रस्त्यावर, साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षात बसल्यावर उघडला. पाच बोटांचे ठसे नीट मोजता येतील इतका जांभळा झाला होता.

ज्यांना हवं त्यांच्या गाळ्यात मी कागद घेऊन येतो. पैसे नकोत, चहाही नको, निदान गाळ्याच्या आत तरी नको. टाकी चालू ठेवा आणि मी यायच्या आधी झाडलोट करू नका.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग केमिस्ट
कुर्ला, मुंबई